बातमी कोणाला घाबरते?

मेसमध्ये अमेरिकेचा विषय निघाला की साधारण दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "सगळा मीडिया विकला गेलाय, ट्रम्प बोलतो तेच खरं." दुसरी म्हणते, "सगळा घोळ फॉक्स न्यूजने घातलाय." मग ताटातली भाजी गार होईपर्यंत भांडण चालतं, आणि शेवटी दोघंही आपापल्या रूमवर जाऊन आपल्याला पटणारेच व्हिडिओ बघत झोपतात. गंमत म्हणजे एका बाबतीत या दोघांचं एकमत असतं. खोटी बातमी देणारा माणूस एकतर बिनडोक असतो नाहीतर विकलेला, असं दोघांनाही वाटतं.

मला हे निदान अर्धवट वाटतं. अमेरिकेतल्या बातम्यांच्या धंद्यात बिनडोक माणसं फारशी नाहीत. खरं काय आहे ते त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असतं. तरी ते सांगितलं जात नाही, कारण भीती वाटते. ही भीती दोन प्रकारची आहे. एक, प्रेक्षक उठून दुसऱ्या चॅनेलकडे जाईल याची. दुसरी, सरकार आपल्या मालकाचा गळा धरेल याची. पहिल्या भीतीतून खोटं बाहेर पडतं, दुसरीतून मौन. पहिली भीती गेली पंचवीस-तीस वर्षं वाढतेच आहे. दुसरी जुनीच, पण २०२४ च्या निवडणुकीनंतर ती पुन्हा मोठी होऊन पहिलीच्या शेजारी येऊन बसली आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. लिबरल हा शब्द हल्ली शिवीसारखा फेकला जातो, तरी मी स्वतःला लिबरलच म्हणवतो. माझ्या लेखी त्याचा अर्थ साधा आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. आणि ते आपल्याला मुळीच न आवडणाऱ्या माणसालाही विचारता आले पाहिजेत. पहिलं वाक्य सगळेच म्हणतात. दुसऱ्यावर आलं की मात्र "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" सुरू होतं. तेव्हा या लेखात बाब्यालाही दोन फटके बसतील, याची तयारी ठेवा.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, व्हायव्हाला विचारणार नाहीत!

अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती १७९१ सालची. वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य कमी करणारा कायदा संसदेने करू नये, असं तिच्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. कागदावर हे छानच आहे, पण त्याला खरा दात फुटला तो १९६० च्या दशकात. मार्टिन ल्युथर किंग यांच्या बाजूने न्यूयॉर्क टाइम्समध्ये १९६० साली एक पानभर जाहिरात आली होती. तिच्यात काही तपशील चुकलेले होते. तेवढ्यावरून अलाबामातल्या सलिव्हन नावाच्या एका अधिकाऱ्याने बदनामीचा खटला भरला आणि तिथल्या ज्युरीने त्याला पाच लाख डॉलर देऊन टाकले. दक्षिणेत काळ्या लोकांवर काय अन्याय चाललाय हे छापणाऱ्या पेपरांना खटले भरून दिवाळखोरीत काढायचं, हा तेव्हा एक राजमार्गच झाला होता. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा निकाल उलटवला. सत्तेवरच्या माणसाला बदनामीचा दावा जिंकायचा असेल तर नुसती चूक दाखवून भागणार नाही. छापणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत होतं, किंवा खरं-खोटं बघायची त्याने फिकीरच केली नाही, हे सिद्ध करावं लागेल. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं (पेंटॅगॉन पेपर्स) छापायला निक्सन सरकारने मनाई मागितली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी पेपरांच्या बाजूने कौल दिला.

थोडक्यात काय, तर सरकारविरुद्ध पेपरवाल्यांना इतकं भक्कम चिलखत जगात फार थोड्या देशांत मिळालं असेल. पण या चिलखताला दोन ठिकाणी भोकं राहिली. प्रेक्षकाची भीती वाटली तर काय करायचं, याचा घटनेत उल्लेख नाही. आणि सरकारने पेपरवाल्याला न धरता त्याच्या मालकाच्या दुसऱ्या धंद्याला धरलं तर काय, याचाही नाही.

पहिल्या भोकाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे फॉक्स न्यूज आणि डोमिनियन यांचा खटला.

रूपर्ट मर्डॉकचं फॉक्स न्यूज ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झालं. ते चालवायला घेतलं रॉजर एल्सने. हा गृहस्थ पूर्वी निक्सनचा प्रचार सल्लागार होता. त्याने हेरलं की देशातल्या मोठ्या वर्गाला 'टीव्हीवरचे लोक आपल्यातले नाहीत' असं वाटतंय. त्या वर्गासाठी त्याने दुकान उघडलं आणि ते तुफान चाललं. यात तसं काही गैर नाही. तो वर्ग खरोखरच होता आणि त्याची तक्रारही संपूर्ण खोटी नव्हती.

आता या ३ नोव्हेंबर २०२०. मतमोजणीच्या रात्री फॉक्सच्याच निकाल टीमने अ‍ॅरिझोना राज्य बायडेनच्या खात्यात टाकलं, तेही इतर सगळ्या मोठ्या चॅनेलांच्या आधी. अंदाज बरोबर निघाला. बायडेनने अ‍ॅरिझोना १०,४५७ मतांनी जिंकलं. म्हणजे इंजिनिअरिंगच्या भाषेत या टीमने कमी डेटावर अचूक उत्तर काढलं होतं. कुठल्याही धंद्यात अशा लोकांना बोनस मिळाला असता. इथे प्रेक्षक भडकले आणि न्यूजमॅक्ससारख्या आणखी उजव्या चॅनेलांकडे वळू लागले. पुढच्या जानेवारीत त्या टीममधल्या एका जाणत्या माणसाची नोकरीच गेली.

मग फॉक्सच्या पडद्यावर ट्रम्पच्या वकिलांचा रतीब सुरू झाला. डोमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांनी मतं फिरवली, असं ते सांगू लागले. डोमिनियनने मार्च २०२१ मध्ये १६० कोटी डॉलरचा दावा ठोकला. इथे १९६४ चा तो निकाल कामाला आला. 'फॉक्सला खोटं माहीत होतं' हे सिद्ध करायचं असल्यामुळे फॉक्सचे आतले ईमेल आणि मेसेज कोर्टापुढे आले. त्यातून जे दिसलं ते वाचून अंगावर काटा येतो. पडद्यावर गंभीर चेहरा करून बसणारी मंडळी आपापसांत ट्रम्पच्या वकिलांना खोटारडं आणि वेडं म्हणत होती. घोटाळ्याचा पुरावा नाही असं निवडणूक अधिकारी सांगताहेत, एवढंच ट्विटरवर लिहिणाऱ्या फॉक्सच्याच एका वार्ताहर बाईंना काढून टाका, असा मेसेज टकर कार्लसनने सहकाऱ्यांना केला होता. कारण काय, तर कंपनीच्या शेअरची किंमत पडतेय! अशा लोकांना चॅनेलवर येऊ देण्यामागे प्रश्न लाल-निळ्याचा नसून हिरव्याचा आहे, हे मर्डॉकने शपथेवर मान्य केलं. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. हिरवा कुठला ते डॉलरची नोट पाहिलेल्यांना सांगायला नको.

डोमिनियनबद्दलची ती विधानं खोटी होती हे न्यायाधीशांनी मार्च २०२३ मध्येच निःसंदिग्ध शब्दांत नोंदवलं, आणि १८ एप्रिल २०२३ ला फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तोवर ६ जानेवारी २०२१ होऊन गेला होता. निवडणूक चोरली गेली असं मनापासून मानणारे हजारो लोक संसदेवर चालून गेले होते. ज्यांनी त्यांना हे ऐकवलं त्यांच्यातल्या अनेकांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. आंधळ्या भक्ताशी एक वेळ वाद घालता येतो. पण खोटं माहीत असून गिऱ्हाईक जाईल म्हणून ते विकणाऱ्याशी काय बोलणार?

कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर धरला की कर्कश शिट्टी वाजते ना, तसंच. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये. चॅनेल प्रेक्षकाला राग देतं, रागावलेला प्रेक्षक आणखी राग मागतो, चॅनेल आणखी देतं. मध्ये एखाद्याने खरा आकडा सांगून आवाज कमी करायचा प्रयत्न केला, तर त्यालाच बाहेर काढतात. पॉझिटिव्ह फीडबॅकचं लूप तोडायला कुणीतरी तोटा सोसावा लागतो, आणि शेअरबाजारात नोंद असलेल्या कंपनीत तोटा सोसणारा माणूस टिकत नाही.

आता बाब्याची पाळी.

ही भीती फक्त उजव्या चॅनेलांना आहे असं कुणी समजत असेल तर २००३ आठवा. इराककडे सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत, असं बुश सरकार रोज सांगत होतं. एमएसएनबीसी हे चॅनेल पुढे लिबरल लोकांचं हक्काचं चॅनेल म्हणून ओळखलं गेलं, पण तेव्हा त्याने फिल डोनाह्यूचा कार्यक्रम बंद केला, तोही युद्धाच्या तोंडावर, फेब्रुवारी २००३ मध्ये. तो त्या चॅनेलचा सर्वाधिक बघितला जाणारा कार्यक्रम होता! बाहेर फुटलेल्या एका अंतर्गत टिपणात भीती व्यक्त केली होती, की बाकीची चॅनेलं झेंडा फडकवत असताना डोनाह्यू युद्धविरोधकांना बोलवत बसेल आणि युद्धकाळात एनबीसीचा तो अडचणीचा चेहरा ठरेल. तेव्हा एनबीसीची मालकी जनरल इलेक्ट्रिककडे होती. होय, तीच जीई, जी लढाऊ विमानांची इंजिनं बनवते.

न्यूयॉर्क टाइम्ससारखा पेपरही वाहवत गेला. शस्त्रांबद्दलच्या बातम्या पुरेशा तपासल्या नाहीत, अशी कबुली त्याच्या संपादकांनी मे २००४ मध्ये वाचकांना दिली. तोपर्यंत बगदाद पडून वर्ष उलटलं होतं. नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाच्या वॉशिंग्टन कार्यालयातले काही वार्ताहर मात्र सुरुवातीपासून "हे पुरावे जुळत नाहीत" असं लिहीत होते. ते बरोबर ठरले. त्याचं बक्षीस काय? त्यांचा तो समूहच २००६ मध्ये विकला गेला. बरोबर असण्याला बाजारात भाव असतोच असं नाही.

अलीकडचं हवं असेल तर २०२४ घ्या. बायडेन थकलेत, खाजगी बैठकांत चुकतात, अशी सविस्तर बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने जूनच्या सुरुवातीला दिली. व्हाइट हाउसने आणि लिबरल बाजूच्या अनेक टीव्ही समालोचकांनी त्या पेपरवर तोंडसुख घेतलं. का? तर पेपर मर्डॉकचा. तीन आठवड्यांनी, २७ जूनला, ट्रम्पसमोरच्या वादविवादात सगळ्या देशाने जे पाहायचं ते पाहिलं आणि २१ जुलैला बायडेनना माघार घ्यावी लागली. लिबरल प्रेक्षकाला दुखवायचं नाही, हाही धंद्याचाच हिशेब होता. फॉक्सने केलं ते आणि हे सारख्या वजनाचं आहे असं मी म्हणत नाही. निवडणूक चोरल्याची थाप आणि म्हाताऱ्या नेत्याची झाकपाक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आजार एकाच जातीचा आहे. आणि आपल्या घरातल्या आजाराला 'साधी सर्दी' म्हणायची खोड लिबरल लोकांनी सोडली पाहिजे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. गॅलप ही संस्था अनेक वर्षं अमेरिकन लोकांना विचारत आली आहे, की वृत्तमाध्यमांवर तुमचा भरवसा किती? १९७६ साली ७२ टक्के लोक बऱ्यापैकी किंवा भरपूर भरवसा आहे म्हणाले होते. २०२५ मध्ये २८ टक्के. मधल्या काळात गावोगावचे पेपरही बंद पडले. २००५ पासून देशातली एक तृतीयांशाहून जास्त वृत्तपत्रं नाहीशी झाली. नगरपालिकेच्या मीटिंगला जाऊन बसणारा, शाळेच्या बजेटमधली गडबड शोधणारा वार्ताहर गेला. उरली ती राष्ट्रीय पातळीवरची हाणामारी. गावातल्या पाण्याच्या टाकीबद्दल रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट शेजाऱ्यांचं एकमत होऊ शकतं. पण ती बातमी द्यायलाच कुणी शिल्लक नाही.

भरवसा उडालेल्या अशा माध्यमाला धमकावणं फार सोपं असतं. त्याच्या बाजूने रस्त्यावर कोण उतरणार? इथे दुसरी भीती येते.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना माहीत असेल, की हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या स्टेशनला फ्रिक्वेन्सी वापरायचं लायसन्स लागतं. अमेरिकेत ते एफसीसी देते. केबल चॅनेलला किंवा वृत्तपत्राला असं लायसन्स लागत नाही. लायसन्स असलं तरी मजकूर आवडला नाही म्हणून एफसीसीला ते सहजी काढून घेता येत नाही. मग सरकार दबाव आणणार कसं? तर मालकाच्या इतर कामांतून. मोठी चॅनेलं आज मोठ्या कंपन्यांच्या पोटात आहेत. कंपनीला कुठलंतरी विलीनीकरण मंजूर करून हवं असतं, कुठलंतरी कंत्राट हवं असतं. ती दोरी सरकारच्या हातात असते.

घटना ओळीने पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीला दीड आठवडा असताना, वॉशिंग्टन पोस्टने यंदा कुठल्याच उमेदवाराला पाठिंबा देणार नाही असं जाहीर केलं. कमला हॅरिसना पाठिंबा देणारा मसुदा तयार होता. मालक जेफ बेझोस म्हणाले की यात देवाणघेवाण काही नाही, लोकांचा विश्वास परत मिळवायचा आहे. असेलही. पण त्यांच्याच रॉकेट कंपनीकडे नासाचं चांद्रयानाचं कंत्राट आहे, हे वाचकांना माहीत होतं. अडीच लाखांहून जास्त लोकांनी वर्गणी बंद केली.

डिसेंबर २०२४ मध्ये एबीसीने ट्रम्प यांच्या बदनामीच्या दाव्यात दीड कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. निवेदकाने कोर्टाच्या निकालाचं वर्णन करताना चुकीचा शब्द वापरला होता, हे खरं. पण १९६४ च्या निकालाचं चिलखत अंगावर असताना लढायच्या आधीच तलवार खाली ठेवली गेली, हेही खरं. जुलै २०२५ मध्ये सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने १ कोटी ६० लाख डॉलर दिले. कशासाठी, तर कमला हॅरिसच्या एका मुलाखतीच्या एडिटिंगवरून. मुलाखत एडिट करणं हा गुन्हा असेल तर जगातली सगळी चॅनेलं आत जातील! त्याच वेळी पॅरामाउंट आणि स्कायडान्स यांच्या ८०० कोटी डॉलरच्या विलीनीकरणाची फाइल एफसीसीच्या टेबलावर होती. महिना संपायच्या आत मंजुरी आली. मधल्या काळात सीबीएसवरच्या स्टीफन कोल्बेअरने आपल्या कार्यक्रमात त्या तडजोडीला लाच म्हटलं, आणि तीन दिवसांनी त्याचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद होणार असं जाहीर झालं. कंपनीने आर्थिक कारण सांगितलं. रात्रीच्या अशा कार्यक्रमांचं उत्पन्न घटतंय, हे नाकारता येत नाही. पण दिवस निवडला तो असा निवडला!

मग आला सप्टेंबर २०२५. उजव्या चळवळीतला कार्यकर्ता चार्ली कर्क याची १० तारखेला गोळी घालून हत्या झाली. मतं कितीही टोकाची असोत, व्यासपीठावर बोलणाऱ्या माणसाला गोळी घालणं म्हणजे या लेखात मी ज्याची बाजू घेतोय त्याचाच खून आहे. त्यानंतर एबीसीवरचा जिमी किमेल मारेकऱ्याच्या राजकारणाबद्दल जे बोलला ते अनेकांना खटकलं, आणि ते खटकण्यासारखं होतंही. पण १७ तारखेला एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार एका कार्यक्रमात म्हणाले, की हे काम सोप्या रीतीने होऊ शकतं किंवा अवघड रीतीने. हा डायलॉग आपण पिक्चरमध्ये अनेकदा ऐकलाय, पण तो सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडी नसतो! त्याच दिवशी नेक्सस्टार या स्टेशनमालक कंपनीने किमेलचा कार्यक्रम दाखवणार नाही म्हणून सांगितलं आणि एबीसीने तो थांबवला. नेक्सस्टारलाही तेव्हा ६२० कोटी डॉलरच्या एका खरेदीला एफसीसीची परवानगी हवी होती.

बघा, कुठेही सेन्सॉर बसलेला नाही, कुठल्याही पेपरला टाळं लागलेलं नाही, एकाही संपादकाला बेड्या पडलेल्या नाहीत. पहिली घटनादुरुस्ती जागच्या जागी आहे. फक्त मालकाला कळतं की आता गप्प बसलेलं बरं.

यावर आपल्यातले काही जण म्हणतील, की मग पूर्वीसारखा 'फेअरनेस डॉक्ट्रिन' परत आणा. वादाच्या विषयावर दोन्ही बाजू दाखवल्याच पाहिजेत, हा एफसीसीचा नियम १९४९ पासून होता आणि रेगनच्या काळात, १९८७ मध्ये, तो रद्द झाला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला, आणि अनेक लिबरल लोकांना वाटतं की सगळ्याचं मूळ तिथे आहे. मला हे औषध पटत नाही. एक तर तो नियम हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या स्टेशनांना होता. फॉक्स न्यूज केबलवर आहे, त्याला तो लागूच झाला नसता. दुसरं म्हणजे दोन बाजू दाखवल्या म्हणून सत्य दिसतंच असं नाही. एक माणूस म्हणतो बाहेर पाऊस पडतोय, दुसरा म्हणतो ऊन आहे. बातमीदाराचं काम खिडकी उघडून बघायचं आहे. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. 'फेअर काय' हे ठरवायची किल्ली सरकारकडे दिली, तर ती उद्या कोणाच्या हातात जाईल? ब्रेंडन कारच्या हातात. आपल्या आवडत्या सरकारच्या हातात जी काठी देतो, तीच पुढे आपल्या पाठीत बसते.

मग उपाय काय? मोठा उपाय माझ्याकडे नाही, पण तीन छोट्या गोष्टींनी मला धीर दिला.

पहिली गोष्ट किमेलचीच. एबीसीची मालक डिस्नी. प्रेक्षकांनी तिच्या वर्गण्या भराभर रद्द करायला सुरुवात केली, आणि टेड क्रूझसारख्या कट्टर रिपब्लिकन सिनेटरनेही कारच्या बोलण्याला माफियाची भाषा म्हटलं. आठवडाभरात, २३ सप्टेंबरला, कार्यक्रम परत सुरू झाला. म्हणजे प्रेक्षकाची भीती कधीकधी सरकारच्या भीतीवर उतारा ठरू शकते. प्रेक्षक काय मागतो यावर सगळं आहे.

दुसरी गोष्ट ऑक्टोबर २०२५ ची. पेंटॅगॉनने वार्ताहरांसाठी नवे नियम आणले. परवानगी नसलेली माहिती मिळवायचा प्रयत्न केला तर ओळखपत्र जाऊ शकतं, असा त्यांचा रोख होता. जवळजवळ सगळ्या वृत्तसंस्थांनी सही करायला नकार दिला, बिल्ले परत केले आणि सामान उचलून इमारतीबाहेर पडल्या. नकार देणाऱ्यांत फॉक्स न्यूजही होतं! ज्या चॅनेलवर मी वर एवढं तोंड टाकलं, त्याचं या बाबतीत कौतुक करायलाच हवं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. न्यूयॉर्कमधल्या एका डेमोक्रॅट राजवटीतल्या अधिकारी बाईंनी बँका आणि विमा कंपन्यांवर दबाव आणला, की बंदूकवाल्यांची संघटना एनआरए हिच्याशी संबंध तोडा. एनआरए म्हणजे लिबरल लोकांची डोकेदुखी. पण सुप्रीम कोर्टात एनआरएचं वकीलपत्र घेतलं ते एसीएलयूने, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध लिबरल संघटनेने! मे २०२४ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला, की न आवडणारं मत दडपण्यासाठी सरकारी अधिकारी खाजगी कंपन्यांना धमकावू शकत नाहीत. निकाल लिहिला तोही लिबरल न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी. किमेलच्या वेळी याच निकालाचा दाखला दिला गेला. शत्रूसाठी बांधलेली भिंत सव्वा वर्षात मित्राच्या कामी आली.

आता कुणी विचारेल, की आपण इथे सबमिशनच्या फाइली पूर्ण करायच्या सोडून अमेरिकेच्या उचापती कशाला? कारण आपल्यातले बरेच जण जीआरईच्या शब्दांच्या याद्या भिंतीवर चिकटवून बसले आहेत. टफ्ट्स विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या एका तुर्की विद्यार्थिनीने मार्च २०२४ मध्ये तीन सहकाऱ्यांबरोबर एक लेख लिहिला. गाझाच्या प्रश्नावर विद्यापीठाने घेतलेल्या भूमिकेवर त्यात टीका होती. वर्षभराने, २५ मार्च २०२५ ला, साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी तिला भर रस्त्यात ताब्यात घेतलं. व्हिसा आधीच रद्द केलेला होता. दीड महिना ती लुईझियानातल्या कोठडीत होती. ९ मे रोजी तिच्या सुटकेचा आदेश देताना न्यायाधीशांनी नोंदवलं, की सरकारने त्या लेखाशिवाय दुसरा पुरावा पुढे आणलेला नाही. तो लेख कुठे छापला होता माहितीय? विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात. तुमच्या हातात आत्ता आहे तसल्याच एका छापील गोष्टीत.

त्याच वर्षी जूनपासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना आपली सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलं गेलं. हॉस्टेलवर त्या दिवसांत कित्येकांनी जुन्या पोस्ट, लाइक केलेली कार्टून्ससुद्धा पुसून टाकली. मी त्यांना नावं ठेवत नाही. बापाने कर्ज काढून पाठवायचं आणि एका कार्टूनवरून सीट घालवायची, हे कुणाला परवडेल? पण वर लिहिलंय तेच इथे झालं, एवढं लक्षात घ्या. कुणी बंदी घातली नाही. आपणच आपलं गप्प बसलो. आणि तेही साता समुद्रापलीकडच्या सरकारच्या भीतीने.

म्हणून सांगतो, बातमी कशी घडते हे समजून घेणं आपल्यालाही चुकणार नाही. निदान दोन सवयी लावून घेता येतील. आपल्या बाजूला अडचणीत आणणारी बातमी आली की आधी "कुणाचा पेपर आहे?" असं न विचारता "खरी आहे का?" असं विचारायचं. आणि न आवडणाऱ्या माणसाचं तोंड सरकारने बंद केलं, की टाळ्या वाजवायला उचललेले हात जरा खाली घ्यायचे. दोन्ही सवयी कठीण आहेत. मला स्वतःला दुसरी जास्त जड जाते.

हे सगळं पटलं नसेल तर उत्तमच. पुढच्या अंकासाठी खरमरीत उत्तर लिहा आणि संपादक मंडळाकडे द्या. त्यांनी ते छापलं नाही, तर ते कोणाला घाबरले हे विचारायला मी तुमच्याबरोबर येईन.